वाचक विचारतात : क्रीटचे समुद्रकिनारे

मे महिन्याच्या सुटीचे बेत आखण्याचे दिवस आले की या सदराकडे परदेशप्रवासाविषयीची पत्रे वाढू लागतात. या वेळच्या पत्रांपैकी बरीचशी ग्रीसच्या क्रीट या बेटाविषयी आणि त्यातही तेथील समुद्रकिनाऱ्यांविषयी आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून आणि लांबलेली थोडी आटोपशीर करून येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी आणि शाळेत जाणारी दोन मुले असे चौघे आठवडाभरासाठी ग्रीसला जाण्याचा विचार करत आहोत. परिचितांनी सांतोरिनी सुचवले आहे. मुलीने मात्र क्रीटमधल्या इलाफोनिसीच्या गुलाबी वाळूचे छायाचित्र पाहिले आहे आणि तिचा हट्ट तिथेच जाण्याचा आहे. सुटी मे महिन्यात किंवा दिवाळीत मिळू शकते. कोणते बेट आणि कोणता महिना निवडावा? — एक वाचक, पुणे

उत्तर : मुख्य हेतू समुद्रात डुंबण्याचा असेल, तर मुलीचा हट्ट मोठ्यांच्या सल्ल्यापेक्षा शहाणपणाचा आहे. सांतोरिनीचे वैभव ज्वालामुखीच्या कड्यावर वसलेल्या गावांत आणि तेथून दिसणाऱ्या दृश्यात आहे; पेरिसा किंवा कामारी येथील काळसर वाळूचे किनारे वाईट नाहीत, पण केवळ त्यांच्यासाठी कोणी एवढ्या दूर जाऊ नये. क्रीट हे ग्रीसचे सर्वांत मोठे बेट आहे. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे 260 किलोमीटर, मधोमध उंच डोंगररांगा, उत्तरेला एजियन बाजूचा समुद्र आणि दक्षिणेला लिबियन समुद्र, अशी त्याची रचना असल्यामुळे एका किनाऱ्यावर वाळू उडत असताना दुसऱ्या किनाऱ्यावर पाणी शांत असू शकते. आठवड्याच्या सहलीत ही गोष्ट छायाचित्रांपेक्षा अधिक उपयोगी पडते.

महिन्याविषयी बोलायचे तर कोकणातल्या किंवा गोव्यातल्या पाण्याची सवय असलेल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्याकडे समुद्राचे पाणी वर्षातला बहुतेक काळ 26 ते 30 अंश सेल्सिअस असते. क्रीटला मे महिन्यात ऊन कडक असले तरी पाणी 19-20 अंशांच्या आसपास असते आणि पहिल्या पावलाला अंगावर काटा येतो. समुद्र उशिरा तापतो आणि उशिरा निवतो. ऑगस्टमध्ये तो 25-26 अंशांपर्यंत पोहोचतो आणि ऑक्टोबरमध्येही 22-23 अंशांवर टिकून असतो, म्हणजे पोहण्यासाठी ऑक्टोबरचे पाणी मेपेक्षा सुखद असते. दिवाळी ऑक्टोबरात आली तर जरूर जावे, फक्त एखादा पावसाळी दिवस गृहीत धरावा. नोव्हेंबरात आली तर मात्र किनाऱ्यावरची बहुतेक खाणावळी आणि होड्या हंगाम आटोपून बंद झालेल्या असतात. मे महिन्यातच जायचे असेल तर शक्य तितके अखेरीस, जमल्यास जूनचा पहिला आठवडा धरून जावे. जुलै-ऑगस्टमध्ये शाळा सुरू असतात म्हणून हळहळण्याचे कारण नाही. त्या काळात गर्दी आणि दर दोन्ही शिगेला असतात, विशेषतः 15 ऑगस्टच्या, म्हणजे मेरीमातेच्या, सणाच्या आगेमागे, जेव्हा खुद्द ग्रीक कुटुंबेही सुटीवर निघतात.

मुक्काम एकाच टोकाला करावा, हेही येथेच सांगून ठेवतो. इलाफोनिसी, बालोस आणि फालासार्ना हे प्रसिद्ध किनारे पश्चिमेला असल्याने हानिया शहर किंवा किसामोस हे गाव सोयीचे. अतिपूर्वेकडचा वाई हा किनारा, जिथे थिओफ्रास्टस जातीच्या रानटी खजुरांचे मोठे नैसर्गिक बन आहे, तो हानियापासून इतका दूर आहे की तेथे एका दिवसात जाऊन येणे म्हणजे दिवसभर गाडीतच बसणे. तो पुढच्या वेळेसाठी ठेवावा.

प्रश्न : भाड्याची गाडी घेऊन इलाफोनिसी आणि बालोस हे दोन्ही किनारे एकाच दिवशी पाहता येतील का? नकाशावर ते अगदी जवळजवळ दिसतात. — एक वाचक, ठाणे

उत्तर : पाहता येतील, पण अनुभवता येणार नाहीत. हानिया ते इलाफोनिसी हे अंतर साधारण 75 किलोमीटरच आहे, तरी त्याला दीड तास लागतो, कारण निम्मा रस्ता डोंगरातल्या खेड्यांतून वळणे घेत जातो आणि टोपोलिया येथील अरुंद बोगद्यात तर एका वेळी एकाच दिशेची वाहने सोडली जातात. वरंधा किंवा आंबा घाटात गाडी चालवलेल्या माणसाला त्यात नवल वाटणार नाही. नवल वाटेल ते उजव्या बाजूने गाडी चालवण्याचे.

बालोसची गोष्ट वेगळी आहे. ग्रामवूसा द्वीपकल्पाच्या टोकाशी असलेल्या या उथळ खाडीकडे जाण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग कालिव्हियानी गावापासून निघणाऱ्या सुमारे आठ किलोमीटरच्या कच्च्या रस्त्याचा. तो जिथे संपतो त्या वाहनतळावरून पुढे वीस ते तीस मिनिटे पायऱ्यांनी आणि पायवाटेने खाली उतरावे लागते. उतरताना समोरचे पाणी तीन-चार छटांत विभागलेले दिसते. काठालगतचे जवळजवळ रंगहीन, मधले फिकट हिरवे आणि वाळूच्या पट्ट्यापलीकडचे एकदम गडद निळे, आणि या रंगांच्या सीमारेषा इतक्या ठळक असतात की पाणी कुठे खोल होते ते डोंगरावरूनच कळते. परतताना हीच वाट दुपारच्या उन्हात चढायची असते, हे मात्र छायाचित्रात दिसत नाही. शिवाय भाड्याच्या गाड्यांच्या बहुतेक करारांत कच्च्या रस्त्यावर झालेल्या नुकसानीची भरपाई, विशेषतः टायर आणि गाडीच्या तळाची, विम्यातून वगळलेली असते. करारावर सही करण्यापूर्वी ते कलम वाचावे. दुसरा मार्ग किसामोस बंदरातून सुटणाऱ्या प्रवासी बोटीचा. ही बोट प्रथम इमेरी ग्रामवूसा बेटाशी थांबते, जिथे व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेला किल्ला आहे, आणि मग बालोसला नेते. आपल्या लोकांना जलदुर्ग पाहण्याची हौस असते, म्हणून मला बोटच पसंत आहे. मात्र वारा वाढला की बोटी रद्द होतात, आणि ज्या दिवशी बोटी येतात त्या दिवशी दुपारी किनाऱ्यावर एकदम शेकडो माणसे उतरतात. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी सकाळी साडेआठ-नऊपर्यंत तेथे पोहोचावे.

इलाफोनिसीला गुलाबी गालिचा पसरलेला असेल अशी अपेक्षा ठेवू नये. वाळू मुळात पांढरी आहे. लालसर कवच असलेल्या सूक्ष्म सागरी जीवांचे आणि शिंपल्यांचे कण लाटांनी जिथे आणून टाकलेले असतात, तिथे पाण्याच्या कडेला गुलाबी रेघा उमटतात. त्या रोज थोड्या सरकतात, वाळू ओली असताना अधिक उठून दिसतात आणि भर दुपारच्या प्रखर उजेडात फिकटतात. समोरच्या छोट्या बेटापर्यंत गुडघाभर पाण्यातून चालत जाता येते आणि गर्दी सोडून पलीकडे गेल्यास अधिक निवांत कोपरे सापडतात. हा संरक्षित परिसर आहे, त्यामुळे दोऱ्या लावून बंद केलेल्या वाळूच्या टेकड्यांवर चढू नये आणि आठवण म्हणून मूठभर वाळूही उचलू नये. तसे करण्यास बंदी आहे.

बालोसच्या दिवशी संध्याकाळ उरली तर फालासार्नाला जावे. रुंद, पश्चिमाभिमुख पुळण, आणि तिच्या उत्तर टोकाशी प्राचीन बंदराचे अवशेष. हे बंदर आज कोरड्या जमिनीवर उभे आहे, कारण इ.स. 365 च्या प्रचंड भूकंपात क्रीटचा पश्चिम भाग कित्येक मीटर वर उचलला गेला. गोदीच्या भिंती, बुरुज आणि आत एक थेंब पाणी नाही, हे दृश्य इतिहासाची आवड नसलेल्यालाही थबकवते.

प्रश्न : माझे आईवडील सत्तरीच्या पुढचे असून दोघांनाही गुडघ्यांचा त्रास आहे. त्यांना समुद्रात निदान बसता यावे अशी इच्छा आहे. क्रीटमध्ये अशी सोय आहे का? — एक वाचिका, नागपूर

उत्तर : आहे, आणि आपल्या कल्पनेपेक्षा चांगली आहे. ग्रीसमधल्या अनेक किनाऱ्यांवर सीट्रॅक नावाची, तेथेच तयार झालेली यंत्रणा बसवलेली असते. वाळूतून पाण्यात उतरणारे रूळ, त्यांवर सरकणारी खुर्ची आणि सौरऊर्जेवर चालणारी मोटर असे तिचे स्वरूप आहे. बसलेली व्यक्ती स्वतःच बटण दाबून पाण्यात उतरू शकते आणि परत येऊ शकते. ही सोय सार्वजनिक आणि विनामूल्य असते, परंतु ती उन्हाळी हंगामापुरतीच बसवली जाते. म्हणून मुक्कामाचे ठिकाण ठरवण्यापूर्वी, जवळच्या कोणत्या किनाऱ्यावर ती आहे आणि कोणत्या तारखेपासून सुरू होणार आहे, हे हॉटेलमालकाला लेखी विचारून घ्यावे.

यंत्रणा नसली तरी चालेल अशा जागा निवडायच्या झाल्यास, जिथे गाडी वाळूच्या अगदी जवळ जाते, पाणी दूरवर उथळ असते आणि लाटा नसतात, अशा जागा पाहाव्यात. हानियाजवळच्या आक्रोतिरी द्वीपकल्पावर अशी एक जागा आहे, आणि तिचे नाव चक्क ‘मराथी’ आहे. आपल्या भाषेशी त्याचा काही संबंध नाही. ग्रीक लोक बडीशेपेला ‘माराथो’ म्हणतात. छोट्या धक्क्याच्या दोन्ही बाजूंना बारीक वाळू, मागे झाडांची सावली आणि खाणावळी, समोर सूदाच्या उपसागराचे मुख आणि पलीकडे श्वेत पर्वतांची रांग. उत्तरेच्या वाऱ्यापासून आडोसा असल्यामुळे पाणी बहुधा संथ असते. आईवडिलांना तिथे न्यावे, आणि पाटीपाशी त्यांचे छायाचित्र घेण्याचा मोह कोणीही आवरू नये. बालोस, प्रेव्हेली आणि सेतान लिमानिया येथे मात्र त्यांना नेऊ नका. या तिन्ही ठिकाणी उतरणीची वाट आहे आणि सेतान लिमानियाची तर तरुणांनाही जपून उतरावे लागेल अशी आहे.

प्रश्न : आम्ही दापोलीचे. आमचा जन्म समुद्राकाठी गेला. ग्रीसच्या समुद्राचा तळ दिसतो असे ऐकतो, ते खरे असेल तर आमच्या समुद्राचा का दिसत नाही? आणि तिकडे भरती-ओहोटी नसते हेही खरे का? — एक वाचक, दापोली

उत्तर : दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी खऱ्या आहेत. आपल्या किनाऱ्याला सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री यांसारख्या नद्या पावसाळ्यात सह्याद्रीची माती आणून देतात. त्यात उथळ तळ आणि दिवसातून दोनदा भरती-ओहोटीने होणारी घुसळण यांमुळे गाळ सदैव तरंगत राहतो. शिवाय अरबी समुद्र पोषकद्रव्यांनी समृद्ध आहे, त्यात सूक्ष्म वनस्पती भरपूर वाढतात आणि त्यांच्यावर माशांची संपत्ती पोसली जाते. भूमध्य समुद्राचा पूर्व भाग याच्या अगदी उलट आहे. त्यात मोठ्या नद्यांचे पाणी थोडे येते, बाष्पीभवन मात्र प्रचंड होते. ती तूट जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून येणारे अटलांटिकचे पृष्ठभागावरचे पाणी भरून काढते आणि त्या पाण्यात पोषकद्रव्ये आधीच कमी असतात. पूर्वेकडे येईपर्यंत ती आणखी घटतात. खाद्य नाही म्हणून तरंगणारे सूक्ष्म जीव नाहीत, ते नाहीत म्हणून पाणी काचेइतके स्वच्छ. तेव्हा ती पारदर्शकता म्हणजे एका परीने समुद्राचे दारिद्र्य आहे. हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीच्या लिलावाला जी गर्दी उसळते, तशी क्रीटच्या एखाद्या बंदरात दिसणार नाही.

भरती-ओहोटी तेथे असते, पण ती काही सेंटिमीटर ते फार तर वीस-तीस सेंटिमीटर एवढीच. मुंबईत उधाणाच्या दिवशी पाणी साडेचार मीटरांहून वर चढते, हे ध्यानात घेतले म्हणजे फरक कळेल. याचा व्यावहारिक अर्थ असा की, चटई पाण्यापासून चार हातांवर टाकली तर संध्याकाळपर्यंत ती तिथेच कोरडी राहते आणि पोहण्याची वेळ पंचांग पाहून ठरवावी लागत नाही. तेथे पाण्याचे वेळापत्रक ठरवतो तो वारा. क्रीटचे लोक आजचा किनारा कोणता हे वाऱ्याची दिशा पाहून ठरवतात. नैऋत्येकडचे पालिओहोरा हे गाव याचे उत्तम उदाहरण आहे. ते एका चिंचोळ्या भूशिरावर वसलेले असून त्याच्या पश्चिमेला वाळूचा आणि पूर्वेला गोट्यांचा किनारा आहे. एका बाजूला वारा सुटला की लोक छत्र्या उचलून, मधली एक-दोन गल्ल्यांची वस्ती ओलांडून, पाच-सात मिनिटांत दुसऱ्या बाजूला जाऊन बसतात. किनारी माणसाला मुक्कामासाठी याहून मजेदार गाव मिळणार नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या लक्षात येईल. पाण्याच्या कडेला कधी कधी तपकिरी पातींचे ढीग आणि नारळाच्या काथ्याचे गोळे असावेत तसे तंतूंचे गोळे पडलेले असतात. तो कचरा नव्हे. पॉसिडोनिया नावाच्या सागरी गवताची ती गळालेली पाने आहेत. त्या गवताची कुरणे तळाशी असणे हे पाणी निरोगी असल्याचे लक्षण आहे आणि ते ढीग हिवाळी लाटांपासून वाळूचे रक्षण करतात.

प्रश्न : किनाऱ्यावर छत्री आणि खुर्चीचे पैसे द्यावेच लागतात का? एका सहप्रवाशाने सांगितले की पैसे न दिल्यास बसू देत नाहीत. — एक वाचक, सांगली

उत्तर : बसू न देण्याचा अधिकार कोणालाही नाही. ग्रीसमध्ये किनारा सार्वजनिक मालकीचा आहे. खाणावळवाल्यांना किंवा हॉटेलांना त्यातला ठरावीक भाग खुर्च्या-छत्र्यांसाठी ठरावीक मुदतीने दिला जातो. प्रत्यक्षात काही ठिकाणी हे अतिक्रमण इतके वाढले की 2023 च्या उन्हाळ्यात पारोस बेटावरच्या रहिवाशांनी ‘टॉवेल टाकायलाही जागा उरली नाही’ म्हणून आंदोलन केले आणि ते इतर बेटांवर पसरले. त्यानंतर 2024 मध्ये नवा कायदा आला. त्यानुसार किनाऱ्याचा किमान निम्मा भाग मोकळा ठेवणे, संरक्षित क्षेत्रात 70 टक्के भाग मोकळा ठेवणे आणि खुर्च्या पाण्याच्या रेषेपासून किमान चार मीटर मागे ठेवणे बंधनकारक झाले. काही किनाऱ्यांवर तर खुर्च्या मांडण्यास पूर्ण मनाई आहे. त्या वर्षीच्या पहिल्या यादीत अशी 198 ठिकाणे होती. उल्लंघन दिसल्यास ‘मायकोस्ट’ या सरकारी ॲपवर तक्रार करता येते.

हे सगळे खरे असले तरी भर उन्हाळ्यात छत्रीचे पैसे वाचवण्यात अर्थ नाही. दोन खुर्च्या आणि एक छत्री असा एकत्रित दर असतो, पुढच्या रांगेचा जास्त. बसण्यापूर्वी दर विचारावा आणि त्यात खाण्यापिण्याची किमान रक्कम धरली आहे का, हेही विचारावे. स्वतःची छत्री नेणार असाल तर ती वाऱ्यात उडून इतरांना लागणार नाही अशी खोल रोवावी. तेथे झाडांची सावली क्वचितच मिळते, सुरूच्या बनांची तर आशाच नको.

प्रश्न : पोहण्याचा पोशाख घालण्याची आम्हा बहिणींना सवय नाही. पूर्ण अंगभर कपड्यांत पाण्यात उतरले तर कोणी हरकत घेईल का? आणि तिकडचे लोक कपड्यांशिवाय असतात, हे कितपत खरे? — एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : कोणीही हरकत घेणार नाही, किंबहुना कोणी पाहणारही नाही. फक्त सुती सलवार-कुर्ता घालून उतरू नका. सूत भिजून जड होते आणि पाय अडकतात. पूर्ण बाह्यांचे, पायघोळ पोहण्याचे कपडे आपल्याकडे आता सहज मिळतात, ते उन्हापासूनही रक्षण करतात. काही स्त्रिया केवळ अधोवस्त्रावर ऊन घेत असल्याचे दृश्य बऱ्याच किनाऱ्यांवर दिसेल. पूर्ण विवस्त्र वावर मात्र काही दूरच्या कोपऱ्यांपुरताच असतो. होरा स्फाकियोनजवळचा ‘ग्लिका नेरा’, म्हणजे गोड्या पाण्याचा किनारा, त्यांतला एक. तो खरोखर सुंदर आहे, गोट्यांखालून गोड्या पाण्याचे झरे फुटतात, पण सासरच्या मंडळींसह जाण्यापूर्वी विचार करावा.

प्रश्न : मी लहानपणापासून पंचगंगेत पोहत आलो आहे. समुद्रात पोहताना तेथे कोणता धोका संभवतो? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नदीत पोहणाऱ्याला प्रवाहाची जाण असते, ती येथे कामी येईल, पण ती अपुरी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ‘मेल्टेमी’ नावाचा उत्तरेचा कोरडा वारा दिवसेंदिवस वाहतो. आकाश निरभ्र असते, त्यामुळे आपल्याकडच्यासारखी ढगांची पूर्वसूचना मिळत नाही. हा वारा उत्तर किनाऱ्यावर थेट लाटा आणतो आणि परतणारे पाणी पोहणाऱ्याला आत ओढते; जॉर्जिऊपोली ते रेथिम्नो या दरम्यानचा उघडा किनारा त्या दिवशी टाळावा. दक्षिणेला डोंगरांचा आडोसा मिळतो, पण तेथे उलटा धोका आहे. वारा घळींतून खाली कोसळल्यासारखा येतो आणि किनाऱ्याकडून खोल समुद्राकडे वाहतो, त्यामुळे पाणी सपाट दिसत असूनही हवेने फुगवलेल्या गाद्या आणि रबरी खेळणी पाहता पाहता दूर जातात. मुलांना त्यांवर बसवून सोडू नये, आणि गादी वाहून गेलीच तर तिच्यामागे पोहत जाऊ नये. प्लाकियास हे गाव या झोतांसाठी प्रसिद्ध आहे.

ग्रीक हवामान अंदाजात वाऱ्याचा जोर बोफर मापाने सांगतात. रोज सकाळी तेवढा एक आकडा आणि दिशा पाहावी. उत्तरेचा पाच किंवा त्याहून अधिक असेल तर उत्तर किनारा सोडून द्यावा. लाल निशाण असल्यास कितीही सराव असला तरी पाण्यात उतरू नये, आणि पहारेकरी सगळ्याच किनाऱ्यांवर नसतात, हे गृहीत धरावे. ओढ लागलीच तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर या. खडकाळ जागी काटेरी सी अर्चिन असतात, त्यांचे काटे तळपायात मोडतात. रबरी तळाचे पाण्यातले बूट नेणे इष्ट. मदतीसाठी 112 हा क्रमांक युरोपभर चालतो.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत, सोबतचे एक कुटुंब जैन आहे. किनाऱ्यावरच्या खाणावळींत नुसते मासेच मिळतात का? — एक वाचिका, लंडन

उत्तर : शाकाहारींसाठी क्रीट हे युरोपातल्या सोप्या ठिकाणांपैकी एक आहे. तेथे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेतले उपवास पुष्कळ असतात, आणि त्या दिवशी मांस, अंडी व दुग्धजन्य पदार्थ वर्ज्य असल्यामुळे ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्यांची मोठी परंपरा घराघरांत आहे. अशा पदार्थांना ‘निस्तीसिमो’ म्हणतात. मात्र त्यात शिंपले आणि माकुल चालतात, म्हणून ‘भाज्यांचेच हवे’ असे स्पष्ट सांगावे. भात भरलेले टोमॅटो व ढोबळी मिरची म्हणजे येमिस्ता, मोठ्या पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांचे यिगांतेस, उकडलेल्या रानभाज्यांचे होर्ता, आणि जवाच्या कडक पावावर किसलेला टोमॅटो व मिझिथ्रा चीज घातलेला डाकोस. हे कोणत्याही खाणावळीत मिळतात. हानियाचे बुरेकी, म्हणजे बटाटा, झुकिनी आणि चीज यांचा भाजलेला थर, न चुकता खावे.

जैन कुटुंबाची अडचण खरी आहे, कारण कांदा-लसूण जवळपास सर्वत्र असतो. कांद्याविना डाकोस, होर्ता, ताजी कोशिंबीर, फळे आणि दही यांवर दुपारचे जेवण भागते. चीजमध्ये प्राणिज रेनेट, म्हणजे प्राण्यांच्या जठरातून काढलेला दूध गोठवणारा अर्क, असू शकते, तेव्हा ते ज्याचे त्याने ठरवावे. रात्रीसाठी स्वयंपाकघर असलेली खोली घेतल्यास मसाल्याचा डबा सोबत असला की झाले. जेवणाअखेर यजमान न मागता लहान पेल्यांत त्सिकुदिया आणून ठेवतो. ते द्राक्षांच्या चोथ्यापासून काढलेले तेज मद्य असते, पाणी समजून मुलांच्या हाती देऊ नये.

प्रश्न : व्हिसा आणि वाहन परवान्याविषयी थोडक्यात सांगावे. — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ग्रीससाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिने ते किमान पंधरा दिवस या मुदतीत करावा. सुटीच्या हंगामात भेटीची वेळ मिळण्यास विलंब होतो, म्हणून तीन महिने आधी हालचाल करावी. 2024 च्या जूनपासून प्रौढांसाठी शुल्क 90 युरो आहे आणि किमान 30,000 युरोचा वैद्यकीय प्रवासविमा आवश्यक आहे. गाडी चालवण्यासाठी आपला मूळ परवाना आणि आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना असे दोन्ही सोबत ठेवावेत.

प्रश्न : वेळासला आम्ही कासवांच्या पिल्लांना समुद्रात सोडताना पाहिले आहे. क्रीटमध्येही कासवे येतात असे वाचले. ती पाहता येतात का? — एक वाचिका, रत्नागिरी

उत्तर : येतात. आपल्याकडे ऑलिव्ह रिडले हिवाळ्यात अंडी घालतात. क्रीटमध्ये लॉगरहेड जातीची कासवे जून ते ऑगस्टमध्ये रेथिम्नो, हानिया आणि दक्षिणेच्या मेसारा उपसागराच्या किनाऱ्यांवर रात्री चढतात आणि पिल्ले साधारण ऑक्टोबरपर्यंत बाहेर पडतात. वेळासला गावकऱ्यांनी घरटी एकत्र आणून कुंपणात जपण्याची आणि पर्यटकांना ठरावीक वेळी पिल्ले दाखवण्याची पद्धत घालून दिली. तेथे घरटी बहुधा जागच्या जागी ठेवून, भोवती लाकडी किंवा धातूचा छोटा पिंजरा ठोकून खूण करतात. त्यामुळे टॉवेल टाकताना अशी खूण दिसली तर दूर व्हावे, तिच्याजवळ छत्री रोवू नये, रात्री किनाऱ्यावर दिवा किंवा मोबाइलचा उजेड पाडू नये, आणि वाळूचे किल्ले व खड्डे संध्याकाळी बुजवून टाकावेत, कारण पिल्ले त्यांत अडकतात. ‘आर्केलॉन’ ही संस्था 1983 पासून ग्रीसमध्ये या कासवांसाठी काम करते आणि हंगामात तिचे स्वयंसेवक माहिती देण्यासाठी उपलब्ध असतात.

प्रश्न : आम्ही ट्रेकर आहोत. सामारिया घळ उतरून समुद्रात पोहता येते असे कळले. एका दिवसात जमेल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : हरिश्चंद्रगड एका दिवसात करणाऱ्याला जमेल. साधारण 1,230 मीटर उंचीवरच्या झिलोस्कालो येथून सुरू होणारी ही वाट सुमारे 16 किलोमीटर उतरत लिबियन समुद्राकाठच्या आगिया रुमेली गावात संपते. पाच ते सात तास लागतात. चढ नगण्य आहे, पण सतत उताराने गुडघे आणि पायाची बोटे दुखतात. गोट्यांची वाट असल्याने सँडल नको, घोट्यापर्यंतचे बूट हवेत. शेवटच्या टप्प्यात दोन्ही कडे अवघ्या तीन-चार मीटरांवर येतात आणि मग एकदम मोकळे पात्र, खेडे आणि काळसर गोट्यांचा किनारा. पाण्यात उतरल्यावर जे वाटते त्यासाठी आधीचे सहा तास मंजूर. घळ साधारण मे ते ऑक्टोबर खुली असते आणि पाऊस, उष्णतेची लाट किंवा दरडींचा धोका असल्यास आयत्या वेळी बंद होते, म्हणून आदल्या संध्याकाळी चौकशी करावी.

मुख्य गोष्ट परतीची. आगिया रुमेलीला मोटारीचा रस्ता नाही. तेथून बोटीने सूइया किंवा होरा स्फाकियोनला जायचे आणि पुढे बसने हानियाला, म्हणून स्वतःची गाडी वर झिलोस्कालोला ठेवू नये, सकाळच्या बसनेच जावे. बोटीचे तिकीट गावात पोहोचताच आधी काढावे आणि मगच कपडे बदलावेत. शेवटची बोट चुकली तर गावातल्या खोल्यांत रात्र काढण्यावाचून इलाज नसतो. ज्यांना दुसऱ्या दिवशीचे विमान नाही, त्यांनी ती मुद्दाम चुकवायलाही हरकत नाही, कारण दिवसाची गर्दी बोटीबरोबर निघून जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बोटीने वाटेतल्या लुत्रो या, रस्ता नसलेल्या, गावात उतरून आणखी एक पोहणे पदरात पडते.